नांदेडबाहेर न झोपलेला माणूस

स्थलांतर या एकाच विषयावर जन्मभर चित्रं काढली आणि स्वतः नांदेडबाहेर एक रात्रसुद्धा काढली नाही, असा कलावंत जगात एकच असेल, आणि तो आमच्या शेजारी राहतो. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे सर काटेरी तारा, होड्या आणि देश सुटलेली माणसं यांशिवाय काही रंगवतच नाहीत. गल्लीतल्या एका लग्नात त्यांच्याकडून गणपती काढून घेतला, तर उंदराच्या पाठीवर वळकटी निघाली. "निघालेत कुठं हे?" नवरीच्या बापानं विचारलं. सर म्हणाले, "ते त्यांनाही ठाऊक नाही."

सीमेचा अभ्यास म्हणून सर महिन्यातून एकदा धर्माबादला जातात, पुढं हद्दीवर एक पाय महाराष्ट्रात, एक तेलंगणात ठेवून तासभर उभे राहतात आणि दिवेलागणीच्या आत घरी परततात. एकदा एका शेतकऱ्यानं त्यांना मोजणीवाले समजून बांधाचं भांडण सांगितलं. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि बांधाचं चित्र काढून दिलं. गेल्या वर्षी त्यांनी बैठकीतच सुतळी ताणून सरहद्द केली. ओलांडायची तर कागद दाखवायचा. काकू, म्हणजे सरांची बायको, दोन दिवस वीजबिल दाखवून स्वयंपाकघरात गेल्या. तिसऱ्या दिवशी पलीकडून म्हणाल्या, "अहो, चहा झालाय. पण तुमच्याकडं कागद हाय का?"

यंदा दिल्लीच्या एका प्रदर्शनासाठी सरांनी निर्वासितांची चाळीस गाठोडी बांधली आणि बघायला माझ्या मायला बोलावलं. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि तो बारा हंगाम ऊसतोडीला गेलेल्या मायच्या कोयत्यावर, हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो. मायनं एक गाठोडं उचललं, हलवून पाहिलं.

"हे काय करून राहिलाव, गुरुजी? ह्या गाठीनं वेशीच्या आत भांडे रस्त्यावर येतील. अन् तवा खाली घातलाव? उतरल्याबरोबर पहिले काय लागतंय?"

"तवा," सर पुटपुटले.

चाळीसच्या चाळीस गाठोडी तिनं सोडायला लावली. सर तिच्यासमोर मांडी घालून परत बांधायला शिकले.

मग दिल्लीहून निरोप आला: मांडणी कलावंतानं स्वतः येऊन करायची, नाहीतर काम घेणार नाही. सरांची दाढ दुखायला लागली. मग गुडघा. मग म्हणाले, "गाठोडीच पाठवू. मी जाऊन काय करू?"

"माणसाबिगर गाठोडं कुठं जातंय, गुरुजी?" माय म्हणाली.

काकू सरांना दिल्लीच्या गाडीत बसवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला सरांचा फोन आला, गाडीतूनच. काकूंना फोन करायची त्यांना लाज वाटली असावी.

"तिकडं ऊन पडलं का रे?"

"पडलं की, सर."

"कुठवर आलंय?"

"तुमच्या ओट्यावर."

"बरं," म्हणाले, पण फोन ठेवीनात. पलीकडं नुसता गाडीचा आवाज. मी बी.ए. झालेला माणूस, पण काय बोलावं कळेना. मायनं माझ्या हातातून फोन घेतला, अंगणात जाऊन बसली आणि नळाला पाणी किती आलं, कुणाचं दार उघडलं, काकू काय नेसल्यात, कुत्रं कुठं पडलंय, असं एकेक सांगत राहिली. पलीकडून मधूनमधून एवढंच येत होतं, "हाव... हाव."