हवालदारांची दुर्बीण

घरात दुर्बीण असून तिच्यातून न बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. साठ-बासष्टच्या सुमारास कडेगावच्या बाजूला एका खेड्यात मास्तर म्हणून माझी बदली झाली, तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली. मेंढपाळांच्या घरातला हा माणूस तरुणपणी पलटणीत गेला, मोठ्या लढाईत मिसरच्या वाळवंटात तोफखान्यावर राहिला आणि हवालदार होऊन परत आला. येताना एका गोऱ्या साहेबाने निरोपाची भेट म्हणून दिलेली दुर्बीण घेऊन आला. सारं गाव त्यांना हवालदारच म्हणे. दुर्बिणीबद्दल मात्र गावाला फारसं काही म्हणता येत नसे, कारण गावाने ती धड पाहिलीच नव्हती.

ती माजघरातल्या खुंटीवर, चुलीच्या धुरापासून लांब टांगलेली असे. पावसाळा जवळ आला की हवालदार तिला कातड्याच्या पेटीतून बाहेर काढत, कारण कातड्याला बुरशी धरते आणि तीच पुढे काचेत शिरते. मग चार महिने तिचा मुक्काम बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सोबतीला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. ओल प्यायची ती तांदळाने. दर पंधरवड्याला ते तांदूळ पुन्हा भाजले जात आणि घरभर खमंग वास सुटे, पण खायला कधी कुणाला मिळाले नाहीत. काच पुसणं हा तर सोहळाच होता. आधी कोंबडीच्या पिसाने धूळ झटकायची, मग सात वेळा धुतलेल्या मलमलीने हलक्या हाताने पुसायचं. "धुळीवर फडकं मारलं की काच गेली म्हनून समजा, मास्तर. धूळ म्हंजे बारीक दगूडच." घरात लोकरीचे ढीग पडलेले, पण लोकर तिला लावायची नाही. लोकर तेलकट असते.

हवालदारांच्या मंडळी हे सगळं चुलीपाशी बसून बघत आणि माझ्याकडे दाद मागत. "बघा की मास्तर! माझ्या डोळ्यात कुसळ गेलं तर म्हनत्यात, पदरानं पूस. आन हिला मलमल! लगीन माझ्यासंगं लागलंय का हिच्यासंगं?"

"तू कवा वाळवंटात आलीतीस माझ्यासंगं?" हवालदार काच उजेडाकडे धरून शांतपणे विचारत.

एकदा उन्हाळ्यात वावटळ आली. अंगणात बाईंच्या कुरडया वाळत पडल्या होत्या आणि ओट्यावर दुर्बीण ऊन खात होती. हवालदार धावले ते थेट दुर्बिणीकडे, आणि तिला पोटाशी धरून जमिनीवर पालथे पडले. कुरडया शेजारच्या परड्यात गेल्या. त्यानंतर आठ दिवस त्या घरात बोलणं नव्हतं. मला विचाराल तर चूक बाईंची होती. दुर्बीण बाहेर असताना दुसरं काही वाळत घालायचं नसतं, एवढं तरी त्यांना ठाऊक हवं होतं.

परक्या माणसाला त्यातून बघायचं झालं तर आधी तोंड धुवावं लागे. "घामानं काचंला खार लागतो," हे त्यांचं ठाम मत. तालुक्याहून आलेल्या एका साहेबांनी हौसेने तोंड धुतलं, रुमालाने पुसलं आणि हात पुढे केला. हवालदारांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज उजेड लय हाय सायेब, काच तापती." साहेब चहा घेऊन गेले. एक घड्याळजी आतून साफ करून देतो म्हणाला, तर त्याला त्यांनी वेशीपर्यंत पोचवला. "कारखान्यात बसवल्यालं भिंग. एकदा उघडलं की पुन्ना तसं बसत न्हाई!"

मग ही दुर्बीण जपायची तरी कशासाठी? तर वर्षातल्या एका सकाळसाठी. दसरा झाला की त्यांचा धाकटा भाऊ मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे निघे. लढाईवरून आल्यावर हवालदार त्याला म्हणाले होते, मेंढरं विकून टाक, शेती करू. तो म्हणाला, "मेंढरं इकू? आधी मला इक." तेव्हापासून पंधरा वर्षं एका गावात राहून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. पण कळप निघायच्या दिवशी हवालदार न चुकता दुर्बीण घेऊन गावाबाहेरच्या टेकाडावर चढत. तिथून पश्चिमेची खिंड समोर दिसे. कुठे निघालात विचारलं तर म्हणत, "दुर्बीण तपासाय चाललोय."

एका वर्षी कळप निघायला आठवडा होता. हवालदार माझ्या खोलीत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "मास्तर, बुरशी धरली. गेल्या साली जरा भुरकं दिसत हुतं, औंदा समदंच धुकं." मलमल झाली, तांदूळ झाले, काही उपयोग नव्हता. पंधरा वर्षांच्या राखणीत आपल्या हातून कसूर झाली, हे त्यांना खाऊन टाकत होतं. शेवटी मी सांगलीच्या चष्मेवाल्याकडे ती न्यायची ठरलं. न उघडता तपासायची, मांडीवरून खाली ठेवायची नाही आणि आपण डोळा लावायचा नाही, एवढी वचनं घेऊन त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला. एस्टीत लोक माझ्याकडे मोजणीचा साहेब म्हणून बघत होते.

चष्मेवाल्याने ती उजेडाला धरली, रस्त्यापलीकडची पाटी वाचली आणि ती परत माझ्या मांडीवर ठेवली. "अहो, इतकी निर्मळ काच माझ्या दुकानात नाही," तो म्हणाला. "हिचे जे धनी आहेत, त्यांनाच घेऊन या. मोतीबिंदू असणार."

येताना सगळी वाट मी शब्द जुळवत होतो. सांगितलं तेव्हा हवालदार इतकंच म्हणाले, "म्हंजे दुर्बीण चांगली हाय?" चांगली आहे म्हटल्यावर त्यांना खरोखर हायसं वाटलं. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, म्हणून मी गयावया केली, बाई रडल्या. ते एकच धरून बसले. "भिंग उघडायचं न्हाई. एकदा उघडलं की पुन्ना तसं बसत न्हाई." डोक्याला हात लावायची वेळ आली, पण त्या माणसाच्या हिशेबात ते अगदी चोख बसत होतं.

कळप निघाला त्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. मी न सांगता तोंड धुतलं. टेकाडावर पोचल्यावर त्यांनी आधी पट्टा माझ्या गळ्यात घातला, मग पेटी उघडली. "तुमी बघा. आन खरं सांगायचं."

मी डोळे लावले आणि खिंड हाताशी आली. मेंढरं वर चढत होती, मागे काठी घेतलेला एक माणूस.

"थांबला का?"

"थांबला."

"पागोटं?"

तोपर्यंत मला काही ठाऊक नव्हतं. बघता बघता त्या माणसाने डोक्यावरचं तांबडं पागोटं उतरवलं, त्याचा सोगा मोकळा केला आणि आमच्या टेकाडाकडे तोंड करून हलवायला लागला. मी तसं सांगितलं.

"अजून?"

"अजून हलवतोय."

"येडं हाय," हवालदार म्हणाले. "त्याला हितलं काय दिसतंय? त्याच्याकडं कुटं दुर्बीण हाय?"

मेंढरं पुढे गेली तरी तो माणूस तिथेच उभा होता. मला भरून आलं, ते मी कशाला लपवू? हवालदारांनी हात पुढे केला. माझ्या डोळ्यांपाशी दुर्बीण चाचपली, त्यांच्या बोटाला ओल लागली. खिशातली मलमल काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"मास्तर, आधी डोळं पुसा," ते म्हणाले. "काचंला खार लागतो."