न पुसता येणारा शेरा

"परत कर," असं म्हणून मॅडम हातमोजे काढायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. काम बरोबर झालेलं असो की चुकलेलं, पहिल्यांदा उत्तर हेच. असे शिकवणारे तुम्हीही पाहिले असतील. महाडच्या आमच्या हॉस्पिटलात त्या मला सीनियर. कॉलेजातून इंटर्नशिपला येणारी पोरं कागदोपत्री आम्हा दोघांच्या हाताखाली, पण खरं सांगायचं तर त्यांच्याच.

पहिल्या आठवड्यात सगळे नापास, हा त्यांचा रिवाज. पेन्सिलीने नापास लिहायचं आणि पोरांची मस्ती उतरून हात बसला की खोडरबराने पुसून पास करायचं. घाबरलेला डॉक्टर निदान दोनदा बघतो, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घालत नसे. ओपीडी संपल्यावर वाद घालायला अंगात जीव कुणाच्या उरतो?

मग कॉलेजने ब्लॉकचेन आणलं. खोट्या सह्या, मागाहून वाढवलेले गुण, याला सगळेच विटले होते. आता शेरा मोबाइलवर द्यायचा. तो एकाच वेळी बऱ्याच ठिकाणच्या कॉम्प्युटरांत जातो, आधीच्या शेऱ्याला जोडला जातो आणि मग कुणालाच बदलता येत नाही, असं कॉलेजवाल्यांनी समजावलं. आम्ही माना डोलावल्या. आमची समजूत अशी झाली की दुसऱ्याला बदलता येत नसेल, आपला आपल्याला येत असणार.

त्या खेपेला कापडे गावची एक मुलगी होती. घरी भातशेती, घराण्यात डॉक्टर होणारी ती पहिलीच. बिरवाडीहून जुलाबाने सुकून गेलेला एक कामगार आला, त्याची शीर कुणाला सापडेना. हिने पहिल्याच टोचणीत सलाईन लावलं. मॅडम सवयीने म्हणाल्या, "परत कर." तो बिचारा कळवळला, "लागली हाय ना सुई मॅडम, परत कशाला टोचता?" आम्ही हसलो. मॅडमही हसल्या आणि हसता हसता मोबाइलवर नापास दाबलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पास दिला, पण आधीचं नापास जाईना. कॉलेजला फोन करून करून थकल्या. नवी नोंद जोडता येईल, जुनी तशीच राहील, एवढंच उत्तर. त्यात मुलीने मुंबईच्या एका हॉस्पिटलात नोकरीसाठी अर्ज केलेला, आणि तिथे या सगळ्या नोंदी बघतात.

मुलगी रडली नाही. "मॅडम, माझं काय चुकलं होतं तेवढं सांगा," म्हणाली. "तिथे विचारतील."

मॅडम खुर्चीत टेकल्या. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी नवी नोंद लिहिली: काम पहिल्याच वेळी अचूक होतं, नापास हा शेरा मी जाणूनबुजून खोटा दिला. मी म्हटलं, मॅडम, हेही पुसता येणार नाही.

"माहीत आहे, डॉक्टर," म्हणाल्या आणि बटण दाबलं. मला फार वाईट वाटलं, रागही आला. कुणाचा, ते अजून कळत नाही.

कॉलेजने त्यांचा परीक्षकाचा अधिकार काढून घेतला. कॉलेजचं तरी काय चुकलं म्हणणार? थोड्याच दिवसांत मॅडमनी राजीनामा दिला. आता शेरे मी देतो.

परवा मुलीचा मुंबईहून फोन आला, नोकरी लागली म्हणून. मुलाखतीत मॅडमची ती नोंद मोठ्याने वाचली म्हणे, आणि विचारलं की या बाई अजून शिकवतात का.

"मी हो म्हटलं, सर. असं लिहिणारी बाई शिकवणारच ना?"

राजीनाम्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही सांगवलं नाही.