समोरच्या बाकावरचे मोघे सर

हेमंत मोघे सरांची आणि माझी पहिली भेट कॅनडातल्या केंब्रिजच्या एका आइस रिंकमध्ये झाली. मी अकरा वर्षांची होते आणि नाशिक सोडून आल्यावरचा तो आमचा पहिलाच हिवाळा होता. बाबा कारच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करत. आई मला शाळेच्या मुलींबरोबर स्केटिंगला घेऊन आली होती आणि माझे सतत आपटणे पाहून काठावरून मराठीत ओरडत होती. शेजारून चाललेले एक उंच गृहस्थ थांबले, माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पडला, पण तू हसला! गुड. उद्या परत ये."

आई बघतच राहिली. एक तर तो माणूस मराठी निघाला, आणि वर त्याने तिच्या लेकीचा मुलगा करून टाकला होता.

सर पाच वर्षांचे असताना इंजिनियर वडिलांबरोबर कॅनडात आले. त्यांचे मराठी त्या वयाचेच राहिले होते. बाबांनाही त्यांनी पहिल्या भेटीत विचारले, "तू मुलीला सकाळी सोडशील का?" बाबा घरी येऊन धुसफुसले, "हा माणूस मला अरेतुरे करतो!" पुढे ओळख वाढल्यावर बाबांनी त्यांना तसे सांगितलेही. सर इतके ओशाळले की त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक मोठ्या माणसाला 'आपण' म्हणायला सुरुवात केली आणि मराठी नीट शिकायला घेतले. चुका सुधारण्याचे काम माझ्याकडे आले. ते मला आइस हॉकीतले गोलरक्षण शिकवत, मी त्यांना क्रियापदे.

त्यांच्या लहानपणी गल्लीतल्या हॉकीत नव्या मुलाला गोलमध्ये उभे करत, कारण तिथे कोणालाच उभे राहायचे नसे. सर उभे राहिले ते तिथलेच झाले. पुढे ते ऑस्ट्रियात व्यावसायिक हॉकी खेळले आणि परत येऊन प्रशिक्षक झाले. आमच्या भागातल्या कितीतरी मुलामुलींना त्यांनी घडवले. बाबांची सकाळची शिफ्ट असली की सर स्वतः मला घ्यायला येत. बर्फ पडून घरापुढचा ड्राइव्हवे बुजलेला असला तर आधी तो फावड्याने मोकळा करत आणि मग बेल वाजवत. आईने अनेकदा संकोच व्यक्त केला. सर म्हणत, "आपण चहा द्या, मग हिशोब मिटला."

त्यांच्यातला खरा माणूस मला कळला तो मात्र मी मोठी झाल्यावर.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर कॅनडाच्या राष्ट्रीय संघाच्या चाचणी शिबिराला मला दोनदा बोलावणे आले आणि दोन्ही वेळा निवड न होता मी परत आले. मग मी बुडापेस्टच्या एका क्लबकडून खेळू लागले. काही हंगाम गेल्यावर तिथल्या लोकांनी विचारले, हंगेरीचे नागरिकत्व घेऊन आमच्या राष्ट्रीय संघाकडून खेळशील का? व्यावसायिक हॉकीत असे अनेक जण करतात. नवे नागरिकत्व मिळाले आणि त्या देशात ठरावीक काळ खेळून झाले की दार उघडते. पण एकदा त्या जर्सीत उतरल्यावर पुन्हा देश बदलणे फार अवघड असते. म्हणजे कॅनडाचे दार जवळजवळ कायमचे बंद.

मी सुट्टीत घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोहोचली होती. ब्रॅम्पटनच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका निवृत्त डॉक्टरकाकांनी मला गाठले. "अगं, देशच बदलायचा तर भारताकडून खेळ की!" मी सांगितले की भारत दोन नागरिकत्वे मान्य करत नाही आणि आमचे भारतीय पासपोर्ट आम्ही कधीच परत केले आहेत. काका म्हणाले, "मग कॅनडाला तरी धरून राहा." माझी एक जुनी मैत्रीण, जिच्याबरोबर मी लहानपणापासून खेळले, ती हसत म्हणाली, "सो यू आर जर्सी शॉपिंग?" तिचे हसणे मला लागले. बाबांनी विषयच बदलला, आणि ते सगळ्यात जड होते. कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेसाठी त्यांनी शिवून घेतलेला नवा सूट मला आठवत होता.

मी सरांच्या घरी गेले. बेसमेंटमध्ये ते एका मुलीच्या पॅडचा पट्टा शिवत बसले होते.

"सर, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"होतो ना तुझ्या जागी. मी नाही म्हटलं."

ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती. ऑस्ट्रियाने त्यांना राष्ट्रीय संघात जागा देऊ केली होती, पण त्यासाठी कॅनडाचे नागरिकत्व सोडावे लागणार होते. सरांनी नकार दिला. कॅनडाने त्यांना खेळाडू म्हणून कधीच बोलावले नाही. एकाही देशाच्या जर्सीत न खेळता त्यांची कारकीर्द संपली.

"वाईट वाटतं?" मी विचारले.

"वाटतं की! पण चूक केली असं वाटत नाही. मला एकच जर्सी हवी होती."

"मग मीही नाही म्हणू?"

त्यांनी सुई खाली ठेवली. "तो नकार माझा होता, केतकी. तो मी तुला देणार नाही. तुला कुठली जर्सी हवी आहे?"

मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. बुडापेस्टच्या त्या मुलींबरोबर मी जिंकले होते, हरले होते, आजारी पडले तेव्हा त्यांच्या घरी राहिले होते. मला त्यांच्यासाठी गोलमध्ये उभे राहायचे होते.

"मग हो म्हण," सर म्हणाले. "पण भाड्याने जाऊ नकोस. त्यांची भाषा शिक. राष्ट्रगीताला नुसते ओठ हलवू नकोस, म्हण. आणि हरल्यावर 'ते हरले' म्हणायचं नाही. 'आम्ही हरलो' म्हणायचं."

हाच सल्ला ते सर्वांना देतात असे कोणी समजू नये. नंतर एक तरुण खेळाडू असाच प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आला. सरांनी त्याला त्या देशातल्या सहकाऱ्यांबद्दल विचारले, तर त्याला धड दोन जणांविषयीही सांगता येईना. सरांनी त्याला सरळ सांगितले, "नको जाऊस. तुला कोणाकडून खेळायचं आहे हेच ठरलेलं नाही."

मी हंगेरीची झाले. ती भाषा शिकताना अक्षरशः घाम फुटला. बाबांना फोनवर सगळे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सूट शिवावा लागेल पुन्हा." तेव्हा कुठे मला हायसे वाटले.

यानंतर जे झाले ते आमच्यापैकी कोणाच्याही मनात नव्हते. कॅनडाच्या महिला संघाने सरांना गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून बोलावले. आयुष्यभर हवी असलेली ती जर्सी नाही, तरी त्याच रंगाचे जॅकेट त्यांना मिळाले. आणि त्याच हंगामात ऑटवात हंगेरी आणि कॅनडा यांचा मैत्रीपूर्ण सामना ठरला.

फोन सरांनीच केला. आपली शिष्या समोर असणार हे त्यांनी आधी व्यवस्थापकांना सांगितले होते. त्या सामन्यापुरते बाजूला राहण्याची मुभा त्यांना मिळाली होती. सरांनी ती घेतली नव्हती.

"सर, तुम्ही त्यांना माझ्याबद्दल सांगणार?"

"हो."

"सगळं?"

"तू फटका येण्याआधीच गुडघ्यावर बसतेस, हे तर पहिलं सांगणार. ते माझं काम आहे. सामना होईपर्यंत आता फोन नको. तू उभं राहायला शिक."

फोन ठेवल्यावर मी रडले. मग राग आला. तो राग घेऊन मी रोज बर्फावर उतरले आणि आमच्या प्रशिक्षकांना सांगितले, मी बसले की ओरडा.

सामन्याला ऑटवाच्या कनाटा उपनगरातली बरीच मराठी मंडळी कॅनडाची लाल जर्सी घालून आली होती. बाबांनी आमची जर्सी घातली होती. त्यांच्या शेजारी सरांच्या पत्नी शुभदाकाकू कॅनडाच्या जर्सीत बसल्या होत्या आणि दोघे एकाच पिशवीतला चिवडा खात होते. हंगेरीचे राष्ट्रगीत मी मोठ्याने म्हटले. कॅनडाचे सुरू झाले तेव्हा मी मान वर केली. समोर सर ताठ उभे होते.

सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कॅनडाची एक खेळाडू एकटीच माझ्यावर चालून आली. तिने फटका मारला नाही, ती थांबली. मी बसले. पकची रबरी चकती माझ्या खांद्यावरून जाळ्यात गेली. मी समोरच्या बाकाकडे पाहिले. सर त्या मुलीची पाठ थोपटत होते. आजवर कुठलाच गोल मला तितका टोचला नव्हता, पण त्यातूनच मला एक भक्कम खात्री मिळाली. हा माणूस खोटे खेळत नाही, आणि मलाही खोटे खेळू देणार नाही.

दुसऱ्या सत्रात तीच मुलगी पुन्हा आली. ती थांबली. मीही थांबले. ती आणखी जवळ आली, तिला जागा उरली नाही आणि पक माझ्या छातीवर आदळला. प्रेक्षकांत बाबा उठून उभे राहिले. सरांनी टाळी वाजवली नाही.

आम्ही हरलो. हस्तांदोलनाच्या रांगेत सरांनी इतरांच्या हातात हात दिला तसाच माझ्याही दिला आणि ते पुढे गेले. लॉबीत मात्र त्यांनी मला शोधून काढले.

"दुसऱ्या वेळी कशी थांबलीस?"

"थांबायला तुम्हीच सांगितलं असणार तिला. म्हणून मीही थांबले."

सर खळखळून हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "माझ्या संघाला तू फार त्रास दिलास," ते म्हणाले. मला कोणी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी आहे.

निष्ठा म्हणजे एकाच बाजूला उभे राहणे, असे मी मानत होते. जिथे उभे आहोत तिथे पुरते उभे राहणे, हे मी सरांकडे पाहून शिकले. त्यांनी त्यासाठी मला कधी व्याख्यान दिले नाही.

या वर्षी मोघे सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात आणि शुभदाकाकू त्यांना बर्फावर कमी उतरा म्हणतात. सर ऐकत नाहीत, ते बरेच आहे. त्यांना उत्तम आरोग्य आणि खूप मोठे आयुष्य लाभो. हे मी शिष्या म्हणून मागते आणि प्रतिस्पर्धी म्हणूनही. कारण कॅनडाला हरवायचे माझे ठरले आहे, आणि त्या दिवशी समोरच्या बाकावर सर हवेत.