पूजेचा मध

दुकानात मी मध मागितला, तर दुकानदाराने सहज विचारलं, “खायचा की पूजेचा?” आणि दोन बाटल्या पुढे ठेवल्या. पूजेच्या बाटलीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘खाण्यासाठी नाही’.

“मग आत आहे तरी काय?”

“साखरेचा पाक असेल, काकू. देवाला कुठे कळतंय?”

शेजारच्या बाईंनी हसून तीच बाटली पिशवीत टाकली, आणि माझं डोकंच फिरलं. फसवणारा निदान लपूनछपून फसवतो. इथे तर नकली माल तसं छापून विकतात आणि आपण ते वाचूनही विकत घेतो! सुपारी किडकी, तूप दिव्याचं, आणि मागणं मात्र अस्सल सुखाचं. एवढी कसली घाई झालीय आपल्याला स्वस्तात पुण्य उरकायची?

बरं, तो मध देवापाशी तरी थांबतो का? तो पंचामृतात जातो, तिथून पळीने आपल्या तळहातावर येतो. आपण तो भक्तिभावाने पितो आणि ओला हात डोक्यावरून फिरवतो.

देवाला कळत नसेल, नसू दे. पण आरती संपली की माझी नात सगळ्यांच्या आधी हात पुढे करते आणि म्हणते, “आजी, अजून एक पळी!”