गॅलरी रिकामी करायला निघालेला माणूस

बाळारामदादा गेल्याची बातमी मला आमच्या फुटबॉल क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ऐरोलीला ऑफिसात जाऊन नुकतीच बसले होते. ग्रुप उघडला तर आदल्या संध्याकाळचे मेसेज तसेच होते. 'गद्दार', 'पलीकडच्यांचा एजंट', 'याला मैदानात पाय ठेवू देऊ नका'. आणि त्यांच्या लगेच खाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली होती. 'आपले सर्वांचे लाडके बाळारामदादा...' मी स्क्रीन वर-खाली करत राहिले. शिवी देणाऱ्याचं आणि श्रद्धांजली वाहणाऱ्याचं नाव एकच होतं.

दादा शाळेची बस चालवायचा. त्या सकाळी पहिलं मूल चढायच्या आधीच त्याच्या छातीत कळ आली. त्यानं बस कडेला घेतली, चावी काढली, मुलांना चढवणाऱ्या बाईंच्या हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, आज पोरांना दुसरी गाडी बोलवा." त्यानंतर तो बोलला नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी घाईनं लिहिते आहे, कारण येत्या रविवारी फायनल आहे आणि त्याआधी हे छापून यायला हवं.

उलव्याच्या पुढे, खाडीला लागून आमचं गाव आहे. आजूबाजूची गावं क्रिकेटवेडी, आम्ही मात्र फुटबॉलवाले. कारण साधं आहे. जुन्या मिठागराची सपाट जमीन होती, तिच्यावर आजोबांच्या पिढीनं दोन्ही टोकांना बांबू रोवले आणि खेळायला लागले. पुढे गावानं मैदानाच्या खाडीकडच्या बाजूला गॅलरी बांधली. कुणाची देणगी नाही, कुणा नेत्याचं नाव नाही. घराघरानं सिमेंट दिलं, अंगमेहनत दिली, आणि रेती आणली ती समोरच्या खाडीतून. खाडी आपली, रेती आपली, मग विकत कशाला घ्यायची, असा तो विचार. खारी रेती धुवायची असते, नाहीतर आतलं लोखंड गंजतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. उन्हात बायाबापड्या बसतील म्हणून हौसेनं वर स्लॅबही टाकला. गॅलरीत प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. ओल्या सिमेंटमध्ये बोटानं काढलेली नावं अजून दिसतात. वडील गेले की मुलगा तिथं बसतो. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीकडचे विचारतात, गॅलरीत कुठं बसता?

आणि एक नियम आहे. आजूबाजूच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या, परदेशी क्लबांच्या जर्सी घालून मॅच बघणाऱ्या मंडळींना तो सांगितला की ती हसतात. ट्रान्सफर आमच्याकडेही होते. आमचा पोरगा खाडीपलीकडच्या गावाकडून खेळायला गेला, तर त्याच्या सगळ्या भावकीनं तो सीझन गॅलरी सोडायची आणि समोरच्या मातीच्या बांधावर बसायचं. त्या गावाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, 'पलीकडचे' एवढंच म्हणतात. कधीतरी एका आईनं आमच्याच गॅलरीत बसून पलीकडच्यांकडून खेळणाऱ्या मुलाच्या गोलला टाळ्या वाजवल्या होत्या आणि मॅच राहिली बाजूला, गॅलरीतच हाणामारी जुंपली. तेव्हापासून हा नियम. पोरगा परत आला की भावकी परत वर. देवाची शपथ मोडणारे आहेत गावात, पण हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

बाळारामदादा गॅलरीचा आवाज होता. त्याच्या मांडीत ढोलकी असायची आणि तोंडात रेफ्रीच्या सात पिढ्या. "अरं ए शिटीवाल्या, डोळं काय हलदीत इसरून आलास?" असं तो ओरडला की रेफ्रीसुद्धा हसू दाबायचा. मी लहान होते तेव्हा दादा मला खांद्यावर बसवून गॅलरीत न्यायचा, कारण माझे वडील कायम कुठल्यातरी सभेत असायचे. नव्या शहरासाठी जमीन गेलेल्यांच्या आंदोलनाची पत्रकं आमच्या घरात लिहिली जायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरून. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होते.

गेल्या वर्षी गॅलरीवर पाटी लागली. 'धोकादायक बांधकाम. वापर करू नये.' त्याच सुमारास मैदानाला लागून आणखी एका टॉवरच्या पायाचं काम सुरू झालं आणि रस्त्यावर त्याची जाहिरात लागली. चित्रात टॉवर होता, झाडं होती, आणि आमच्या मैदानाच्या जागी निळं पाणी आणि त्याच्याकाठी चहा पिणारं जोडपं. आता यात समजायला काय राहिलं? मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. दादा शेजारी येऊन बसला. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "झ्याक हाय. पन अजून एक ओल लिव. पाटी लबाड हाय, भेग खरी हाय."

मी म्हटलं, "दादा, पत्रकात एकच गोष्ट सांगायची असते. दोन सांगितल्या की लोक गोंधळतात."

"मंग दोन पत्रकं काढ."

तो मस्करी करत नव्हता. आदल्या रविवारी त्याची मुलगी पाणी प्यायला उठली आणि ती बसली होती तिथं वरच्या स्लॅबचा ढलपा पडला होता. मोठा नव्हता, नारळाएवढा. दादानं तो घरी आणून ठेवला होता. आतली सळई गंजून फुगली होती, बोटानं चुरगळत होती. आम्ही खरंच दोन पत्रकं काढली. एकात लिहिलं, मैदानाची इंचभर जागा देणार नाही. दुसऱ्यात लिहिलं, गॅलरीत बसू नका, ती आपली आपण पाडू आणि आपली आपण पुन्हा बांधू. पहिलं लोकांनी दारावर चिकटवलं. दुसऱ्यात वडापाव बांधला.

देवळात मीटिंग झाली. आमच्या क्लबचे अध्यक्ष तसे वाईट माणूस नाहीत. जमीन गेली तेव्हा लाठ्या खाल्लेले आहेत, आणि म्हणूनच त्यांना प्रत्येक सरकारी कागदात लाठी दिसते. ते म्हणाले, "आज गॅलरी सोडली तर उद्या मैदान सोडावं लागेल. रिकामी दिसली की त्यांनी बुलडोझर आणलाच." मला मनातून ते पटत होतं, आजही पटतं. दादा म्हणाला, "रिकामी कशाला? आमी बांधावर बसू ना. मैदान सोडायचं कोन बोललंय?" अध्यक्ष म्हणाले, "बघू. फायनल होऊन जाऊ दे." तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "फायनलपर्यंत थांब, असं गॅलरीला कोन सांगनार? तुमी?" सगळे हसले. बाहेर टॉवरच्या पायाचं मशीन ठोके देत होतं. प्रत्येक ठोक्याला देवळातली घंटा किंचित किणकिणत होती... ती मी ऐकली, दादानं ऐकली. बाकी कुणी मान वर केली नाही.

ती फायनल होऊन गेली, गॅलरी तशीच राहिली. आणि मग या सीझनच्या सुरुवातीला दादाचा पुतण्या सुशांत, आमचा गोलकीपर, पलीकडच्यांकडे गेला. गावात सन्नाटा. पुढच्या मॅचला दादाची अख्खी भावकी चटया घेऊन बांधावर. सुशांतची आई कुसुमवहिनी तर पदर डोळ्यांवर ओढून बसली होती, उन्हासाठी आणि लाजेसाठीही. मग बचाव सांभाळणारा आमचा स्टॉपर गेला, मग डाव्या बाजूनं पळणारा तो बुटका. एकेका पोराबरोबर एकेक भावकी गॅलरीतून खाली उतरली. पोरांना पटवणारा, पलीकडच्यांशी बोलणी करणारा माणूस बाळारामदादा आहे हे कळायला वेळ लागला नाही. नाक्यावर त्याला गाठलं. "काय रं बाळाराम, पोरी देतात तसं प्लेअर द्यायला लागलास? मुंडावल्या बांधून पाठव ना!"

"सासर जवल हाय," दादा म्हणाला. "रडताय कशाला?"

मीही चिडले होते. गॅलरी वाचवायची सोडून टीम फोडतोस? मी बांधावर जाऊन त्याला तोंडावर विचारलं. तो ढोलकीची दोरी ओढत होता. म्हणाला, "बाय, तू पत्रक लिवलंस, उतरलं कोन वरून? मी हात जोडले, उतरलं कोन? मीटिंगीत बोललो, तर हसली लोकं. ही मानसं मरनाला भीत नायत. नियमाला भितात. मंग मी काय करू?"

मी समोर पाहिलं. गॅलरीत मोठमोठी भगदाडं पडल्यासारख्या जागा रिकाम्या होत्या. आमची टीम हरत होती, माणसं बोटं मोडत होती, आणि दादा त्या रिकाम्या जागांकडे असा बघत होता, की तसं बघताना मी त्याला कुठल्याच गोलनंतर पाहिलं नव्हतं. वरून विमान खाली उतरत गेलं, इतकं खाली की त्याच्या पोटावरची अक्षरं वाचता यावीत. त्याची सावली गॅलरीवरून सरकली. दादा म्हणाला, "हितून बघितलं की दिसतं. स्लॅब मधी वाकलाय. वर बसलेल्याला नाय दिसत." मी पाहिलं. वाकला होता.

ती आमची शेवटची नीट भेट. अजून तीन भावक्या राहिल्या आहेत, म्हणाला. त्यात अध्यक्षांची एक. अध्यक्षांचा नातू आमचा स्ट्रायकर. त्याच्याशी दादाची बोलणी चालली होती आणि नातू जवळजवळ तयार होता. ही गोष्ट आदल्या संध्याकाळी फुटली, म्हणून ग्रुपवर त्या शिव्या. दुसऱ्या सकाळी दादा गेला. लोकांनी मला विचारलं, शिव्यांचं मनाला लागलं असेल का? मला नाही वाटत. त्याला घाई झाली होती, एवढं मात्र मला माहीत आहे.

त्याच्या अंत्ययात्रेला सगळं गाव लोटलं. पलीकडचेही आले, होडीनं. आमच्या गावाला माणूस मेल्यावर माफ करायची फार जुनी आणि फार सोपी सवय आहे. बाराव्याला अध्यक्ष उभे राहिले आणि रडले. खरंच रडले. म्हणाले, माणूस गेला, भांडण गेलं. पलीकडच्यांनीही दिलदारपणा दाखवला, तिन्ही पोरांना मोकळं केलं. बाळारामच्या आठवणीसाठी सगळ्यांनी आपल्या गावाकडून खेळावं, असं ठरलं. टाळ्या वाजल्या. मी उठून म्हटलं, "अहो, पोरं परत आली तर भावक्या परत वर जातील. दादानं त्यांना खाली का आणलं होतं ते तरी..." मागून कुणीतरी म्हणालं, "बाय, आज नको. आजचा दिवस तरी नको." आणि जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली.

मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. एकच, आणि त्यात एकच गोष्ट. बांधावर बसा. लोकांनी यावेळी ते वडापावात बांधलं नाही. दादाचा फोटो होता ना त्यावर, म्हणून घडी घालून खिशात ठेवलं आणि खिशात घेऊनच ते गॅलरी चढले.

गेल्या रविवारी सेमीफायनल होती. सुशांत गोलमध्ये उभा होता. सीझनभर अर्धी रिकामी राहिलेली गॅलरी काठोकाठ भरली होती. टॉवरमधली मंडळीही फुलं घेऊन आली आणि प्रेमानं तिथंच दाटीवाटीनं बसली. बांधावर मी होते, दादाची मुलगी होती आणि कुसुमवहिनी. तिला वरून चार वेळा हाका मारल्या. ती म्हणाली, "मना ऊन लागत नाय." मशीनचा ठोका चालू होता. आम्ही जिंकलो. गोल झाला तेव्हा सगळी गॅलरी एकदम उभी राहिली आणि एकदम नाचली, आणि आम्ही तिघी बांधावर उभ्या राहिलो ते आनंदानं नव्हे. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

मॅच संपल्यावर मी वर गेले. अध्यक्षांनी बोलावलं होतं, काहीतरी दाखवायचं होतं. दादाच्या घराची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. यापुढे तिथं कुणीच बसायचं नाही, असा गावानं नवा नियम केला आहे. तिथं दादाचा फोटो टेकवून ठेवला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता. डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, मागे पोरंटोरं, आणि मधे ती एवढीशी जागा. त्याला सगळी गॅलरी रिकामी हवी होती. गावानं आदरानं त्याची तेवढी एक जागा रिकामी केली.

हाराच्या फुलांवर वरून राखाडी पूड पडली होती. अध्यक्षांनीही ती पाहिली. त्यांनी हार काढला, गॅलरीच्या कठड्याबाहेर धरून झटकला, फोटोला पुन्हा नीट घातला, आणि शेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसले.