शिट्टी वाजल्यानंतर

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही, ज्या मुलींना मी वर्षानुवर्षं कबड्डी शिकवली त्यांच्यातल्या एकीशिवाय कुणालाच नाही. आज तुमच्यासमोर बसले आहे, तर बघू — तोंडातून निघतं का ते.

आधी बरं बरं सांगून घेते. माणूस तसंच करतो ना? मी नागपूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर मनीषनगरात घराजवळच्या मोकळ्या मैदानावर मुलींना शिकवते, फुकट. आदर्श प्रशिक्षक म्हणून शाल-श्रीफळं इतकी मिळाली की कपाटात शालींना जागा नाही. शाळांमध्ये भाषणाला बोलावतात. मुलींनो, मैदान माणूस घडवतं, असं मी सांगते. टाळ्या पडतात. बाया आपल्या पोरींना कोपरानं ढोसून म्हणतात, पाहा, मॅडमसारखी हो.

मॅडमसारखी.

माझ्या संघात प्रज्ञा नावाची मुलगी होती. वीसेक वर्षं झाली त्याला. नागपुरातल्याच जरीपटक्याच्या पलीकडच्या वस्तीतून यायची. वडील रंगकाम करायचे. पोरगी बारीक, काळीसावळी, पण डाव्या कोपऱ्यात उभी राहिली की समोरचीला घाम फुटायचा. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा ती असा पकडायची की सुटका नसे. आणि ऐकायची किती! बाकीच्या मुली काहून, कशाले, विचारत. प्रज्ञा ‘हो जी’ म्हणायची आणि करायची. तिला वाटायचं, मॅडम सांगतात ते बरोबरच असणार. असं वाटावं अशीच मी वागत होते — मुद्दाम.

त्या वर्षी जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना उमरेडच्या संघाशी होता. त्यांची एक चढाईवाली जबरदस्त होती. सकाळी त्या मुली एसटीतून उतरल्या तेव्हा मी पाहिलं, ती उजवा पाय जपून टाकत होती. मोज्याखाली पट्टी होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

सामना हातातून जात होता. तिनं आमची अर्धी फळी बाहेर बसवली होती. मी टाइम-आउट मागून घेतला, मुली गोळा झाल्या, पाणी प्यायल्या. मी प्रज्ञाचा दंड धरून तिला बाजूला नेलं. आणि —

थांबा जरा. इथवर मी मनातल्या मनात हजारदा आले आहे आणि इथूनच परत फिरले आहे.

मी म्हणाले, “तिचा उजवा पाय धर. पट्टीवाला. धरला का सोडू नको. शिट्टी झाली तरी सोडू नको. मुरगळ.”

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तिले लागन ना?”

“लागू दे.”

एवढंच बोलले मी. रागानं नाही, ओरडून नाही. पाणी पी म्हणावं तसं.

पुढच्याच चढाईत प्रज्ञानं तो घोटा पकडला. उमरेडची मुलगी पडली. पंचांनी शिट्टी मारली. प्रज्ञानं पाय सोडला नाही. तिनं तो पिरगाळला. आवाज झाला, मी रेषेबाहेर होते तरी मला ऐकू आला. ती मुलगी जी किंचाळली... आणि तुम्हाला सांगू, त्या वेळी प्रज्ञा तिच्याकडे पाहतच नव्हती. घोटा हातात धरून ती माझ्याकडे पाहत होती. आता सोडू का, असं विचारत होती.

मी मान फिरवली.

हाड मोडलं होतं. सामना तिथेच थांबला. उमरेडच्या त्या मुलीचं नाव मला आज आठवत नाही. ती पुढे खेळली का, नीट चालू शकली का, मी कधी विचारलं नाही. विचारायला भीती वाटली म्हणून नाही. त्या दिवसांत मला फक्त माझी पडली होती.

कबड्डी संघटनेची तीन माणसं चौकशीला बसली. मला आणि प्रज्ञाला एकत्रच बोलावलं. आधी मला विचारलं, असं काही तुम्ही सांगितलं होतं का? खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शिकवणं बंद झालं असतं. नोकरीही गेली असती कदाचित. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं आणि मी म्हणाले, “छे! मी असं कधी शिकवत नाही. मुलगी गुणी आहे हो. पण कुठल्या वस्तीतून येते, तुम्हाला माहीतच आहे.”

नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मग ते पुढचं वाक्य कशाला? कारण ते वाक्य ऐकल्यावर ते आणखी काही विचारणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते तिघेही माझ्यासारख्याच घरांतले. आमच्या घरांत त्या वस्तीबद्दल, तिथल्या लोकांबद्दल जेवताना काय बोलतात ते मला ठाऊक होतं. तिघांनीही माना हलवल्या. प्रज्ञा माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं.

मग तिला विचारलं, मॅडमनी सांगितलं होतं का?

तिनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“नाही जी. माह्याच मनानं केलं.”

का म्हणाली असेल? माझ्यावर जीव होता म्हणून? की मी गेले तर बाकीच्या मुलींचा संघ मोडेल म्हणून? की खरं सांगून तिथे कुणी ऐकणार नाही, हे त्या एका वाक्यानंच तिला कळलं होतं? मी इतकी वर्षं यातलं पहिलं कारण धरून बसले. मला ते सोयीचं होतं.

तिच्यावर बंदी आली. राज्याच्या शिबिरात तिचं नाव होतं, ते गेलं. खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसांत भरती व्हायचं तिच्या मनात होतं, तेही गेलं. ती मैदानावर परत आली नाही. पुढच्या वर्षी आम्ही स्पर्धा जिंकली. मी पेढे वाटले.

मधे एकदा कळलं की ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. चूक माझी होती, हे तिच्यासमोर कबूल करायचं ठरवून गेले. खरंच ठरवून गेले हो. तिनं मला पाहिलं, उठून उभी राहिली. “या मॅडम, काय झालं?” मी म्हणाले, शुगर तपासायची आहे. तिनं मला रांगेतून पुढे घेतलं. मला शुगर नव्हती, तरी रक्त देऊन आले. हाताला कापूस दाबून ऑटोत बसले तेव्हा आपण किती नीच आहोत ते कळत होतं, आणि सुटलो म्हणून हायसंही वाटत होतं. दोन्ही एकदम. असं होतं का तुमचं कधी?

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या मैदानावर आली. आता मनीषनगराच्याच पलीकडे राहते. सोबत मुलगी होती, सांची. तेच हात, तसंच गुडघे वाकवून उभं राहणं.

“मॅडम, हिले खेळ शिकवा,” प्रज्ञा म्हणाली. आणि मग, “बाकीचं मी शिकवीन घरी.”

तिचा आवाज चढला नव्हता. मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

सांची रोज येते. चांगली खेळते. ती समोर आली की हातातली शिट्टी ओली होते. आज सांगू, उद्या सांगू. तिच्या आईची माफी मागू, सगळ्यांसमोर सांगू. वय झालंय, आता कोण काय करणार आहे माझं? तरी होत नाही. अजून होत नाही.

गेल्या आठवड्यात सांची सराव सोडून माझ्याजवळ आली. तिचे डोळे लाल होते.

“मॅडम, मोठ्या पोरी म्हणून राहिल्या का माह्या आईनं एका पोरीचा पाय मुद्दाम मोडला होता. खरं आहे काय?”

मैदानावर आम्ही दोघीच एका कडेला होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. चौकशी नव्हती, नोकरी नव्हती, जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि समोर ती उभी होती — मी जे सांगेन ते खरं मानायला तयार.

“हो,” मी म्हणाले. “आईचं चुकलं तेव्हा. तू तशी नको होऊ, बेटा.”

सांचीनं डोळे पुसले. “नाही होणार जी.”

संध्याकाळी प्रज्ञा तिला न्यायला आली. तिनं लेकीचा हात धरायला हात पुढे केला. सांचीनं तो धरला नाही. बॅग खांद्याला लावून ती एकटीच पुढे चालायला लागली. प्रज्ञानं पुढे केलेला हात मागे घेतला, माझ्याकडे वळून नेहमीसारखी मान लववली आणि ती लेकीच्या मागे गेली.

दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पाहत होते. मी हाक मारली नाही.