सोळाव्या सोमवारचं मौन

यांचा ताप उतरेना. खोकला छातीत घर करून बसलेला, आणि थुंकीत रक्त दिसलं तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच औषध लिहून दिलं. मी सोळा सोमवार धरले. नुसता उपास नाही, आंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत मौनसुद्धा. एक शब्द निघाला की पुन्हा पहिल्यापासून, आणि यांच्याजवळ तेवढे दिवस नव्हते हे मला कळत होतं.

सोळाव्या सोमवारी बोरीवलीच्या आमच्या महादेवाच्या देवळात गेले. गाभाऱ्यापुढे मी आणि खाडीकडची एक कोळीण, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. तेवढ्यात गुरवाची बायको आली आणि पितळेची समई घासायला मागच्या विहिरीवर घेऊन गेली. कोळीण डोळे मिटून उभी, तिला पत्ताच नाही. मग देवळाचे एक पंच आले. समई दिसेना म्हणताच त्यांनी तिचा दंड धरून तिला सभामंडपात ओढलं. "मासळीवाल्यांना आत सोडलं की हे असं! कुठं लपवलीस?"

माणसं जमली. खरं काय ते मला एकटीला ठाऊक. खोटं कशाला सांगू, व्रत होतंच, पण भीतीही होती आणि ती व्रताआड छान लपली. नाहीतर हाताने विहिरीकडे खूण करायला काय झालं होतं? मनात म्हणत होते, कुणीतरी बोला रे मेल्यांनो, तोंडं शिवलीत का तुमची! पंचांची काठी एकदा बसली. दुसऱ्यांदा तिचं कपाळ फुटलं. तिने आमच्यापैकी कुणाकडे बघितलंही नाही. गाभाऱ्याकडे तोंड करून ओरडली, "म्हादेवा, तू बघितलंस ना रं? मग बोल ना! धनी आजारी हाय माझा, म्हणून तुझ्या दारात आले, नि तू गप?"

काठी तिसऱ्यांदा वर गेली आणि "थांबा!" असा आवाज घुमला. सगळे माझ्याकडे वळले तेव्हा कळलं की तो माझा होता. तो कुठून आला हे मला आजही सांगता येत नाही. मग मात्र मी थांबले नाही. "समई गुरवीण घेऊन गेलीय, जाऊन बघा विहिरीवर! आणि आधी हिला पाणी द्या."

समई आली. पंच "बरं, बरं" करत निघून गेले, माफीबिफी काही नाही. मी पदराने तिचं कपाळ दाबून धरलं आणि दोघी रडलो. ती माराने, मी व्रत मोडलं म्हणून.

घरी यांना सांगितलं तर खोकत खोकत हसले. "बरं झालं गं. तू बोलली नाहीस की घर खायला उठतं." त्यानंतर अठराव्या दिवशी हे गेले. सासूबाई म्हणाल्या, व्रत मोडलंस ना! कधी कधी मलाही तसंच वाटतं, मग रडून घेते. पण त्या दिवसांत दोन सोमवार आले होते आणि दोन्ही दिवस मी यांच्याशी पोटभर बोलले. पुन्हा व्रत धरलं असतं तर तेही मुकेच गेले असते. एवढं महादेवाने दिलं, त्याचे उपकार आहेत.

तिचा धनी बरा झाला, माझे गेले. त्यातलं काय ते त्याचं त्याला ठाऊक, मी आता अट घालत नाही. कोळीण देवळात भेटते, सगळ्यांना सांगते, "ही बाय बोलली म्हणून मी वाचले." तिच्या कपाळावर वण आहे. पहिल्या काठीला बोलले असते तर तो नसता. म्हणून हात जोडून एवढंच म्हणते, बाबा रे, पुन्हा वेळ आली तर मला उशीर होऊ देऊ नकोस.